लेकरांच्या ओठी गाणे देणारे गुरुजी



विहाराचा वर्धापनदिन जवळ आला की वस्तीत सगळ्यात आधी लगबग सुरू होते ती लहान मुलांची. कुणाचा पांढरा सदरा धुऊन ठेवायचा असतो, कुणाच्या पोरीला गाण्याचे दुसरे कडवे अजून पाठ झालेले नसते. कार्यक्रमाच्या दिवशी ही मुले रांगेत उभी राहून गातात, आयाबाया कौतुकाने बघतात, आपण टाळ्या वाजवतो. पण बाजूला पेटी घेऊन बसलेल्या माणसाकडे, मान हलवून मुलांना ताल दाखवणाऱ्या ताईकडे कितीजणांचे लक्ष जाते? महिनाभर रोज संध्याकाळी त्याच चार ओळी त्यांनी घोटून घेतलेल्या असतात. आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचे नाव येते, माईकवाल्याचे येते. गाणे शिकवणाऱ्याचे नाव मात्र पुष्कळदा राहूनच जाते.

असे का होते आणि त्याने काय बिघडते, हे समजून घ्यायला थोडा इतिहास पाहू या. हा इतिहास श्रीलंकेचा आहे. आपला तिच्याशी संबंध काय, असे कुणी म्हणू नये. आपल्या विहारावर जो पंचरंगी ध्वज फडकतो, तो पहिल्यांदा फडकला लंकेतच, २८ एप्रिल १८८५ रोजी. परमपूज्य बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी तेथे गेले होते. बौद्ध समाज धम्म रोजच्या जगण्यात कसा पाळतो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. धम्माचे संस्कार मुलांवर कसे करावेत, हा प्रश्न लंकेतील बौद्धांना आपल्या आधी सत्तर-पंचाहत्तर वर्षे पडला होता. त्यांनी काय केले, कोणत्या अडचणी आल्या, हे आपल्या कामाचे आहे.

१८१५ साली कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले आणि सगळ्या बेटावर त्यांचा अंमल बसला. पुढे शिक्षण आले ते बहुतेक मिशनऱ्यांच्या हातून. बौद्ध आईबापांचे मूल मिशनच्या शाळेत जाई, तिथे बायबलचा धडा घेई, प्रार्थनागीते सुरात म्हणे. घरी आले तरी तोंडात तीच गीते! आईबापांना वाईट वाटे, पण इलाज काय? शिकायचे तर तिथेच जावे लागे. बौद्धांच्या स्वतःच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

अशा वेळी १८८० च्या मे महिन्यात कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट हा अमेरिकन गृहस्थ गाले बंदरात उतरला. २५ मे १८८० रोजी गालेच्या विजयानंद विहारात त्याने त्रिशरण-पंचशील घेतले. गोरा माणूस गुडघे टेकून पंचशील घेतो आहे, हे पाहून लोकांचा ऊर भरून आला. ऑल्कॉटने १८८१ मध्ये प्रश्नोत्तरांच्या रूपात बौद्ध धम्माची एक छोटी पुस्तिका लिहिली. मुलांना पाठ करता यावी, हा तिच्यामागचा हेतू. मग लोकांकडून वर्गणी गोळा करून शाळा निघू लागल्या. १८८६ साली कोलंबोत आनंद कॉलेज, १८८७ साली कँडीत धर्मराज, १८९२ साली गालेला महिंद कॉलेज. मुलींसाठी १८९१ मध्ये कोलंबोत जी शाळा निघाली, ती मेरी म्युसियस हिगिन्स या जर्मन बाईंनी उभी केली. कुडाच्या साध्या खोलीत सुरू झालेली ही शाळा पुढे म्युसियस कॉलेज म्हणून नावारूपाला आली. ही दोन नावे, गालेचे महिंद आणि कोलंबोचे म्युसियस, ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम आहे.

शाळांबरोबरच रविवारचे धम्मवर्गही सुरू झाले. सिंहली भाषेत त्यांना ‘दहम पासल’ म्हणतात. पांढऱ्या कपड्यांतली मुले रविवारी सकाळी विहारात जमायची, वंदना म्हणायची, जातककथा ऐकायची. ही चाल आजही चालू आहे.

पण गाण्याचे काय? इथे एक अडचण होती. अष्टशील पाळणाऱ्या उपासक-उपासिकांना ठाऊक आहे की सातव्या शीलात नाच, गाणे, वाद्य यांपासून दूर राहण्याचा नेम आहे. भिक्खूंना तर तो कायमचाच. अंगुत्तर निकायात लांब आलाप घेऊन धम्म गाण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. गाणारा स्वतःच्या आवाजात गुंतून पडतो, ऐकणाराही आवाजातच अडकतो, हा त्यातला मुख्य मुद्दा. मग मुलांना गाणी शिकवणे धम्माला सोडून झाले का? तसे नाही बरं का. दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा वाजवत गातो, तेव्हा तार आणि गळा यांचा मेळ चांगला जमला, असे म्हणून भगवंत त्याचे कौतुकच करतात. म्हणजे भिक्खूंचा नियम वेगळा आणि गृहस्थांची रीत वेगळी.

यातून एक गोष्ट आपोआप घडली. भंते वंदना शिकवीत, अर्थ सांगत, पण मुलांचे गाणे बसवायला गृहस्थच पुढे यावे लागले. शाळेतले मास्तर, चांगला गळा असलेली एखादी बाई, नाटकात पेटी वाजवणारा एखादा कलावंत. मुलांच्या गायनाची ही सगळी परंपरा सामान्य संसारी माणसांनी उभी केली. वैशाख पौर्णिमेला पांढऱ्या वेशातली मुले-मुली गटाने ‘भक्ती गी’ म्हणतात. ‘गी’ म्हणजे गीत. सजवलेल्या मालमोटारीवर किंवा रस्त्याकडेच्या मंचावर उभे राहून ती गातात आणि लोक थांबून ऐकतात. नाताळात ख्रिस्ती मुले गटाने गाणी म्हणत, ती पद्धत पाहूनच बौद्धांनी ही रीत घेतली, असे अभ्यासक सांगतात. त्यात कमीपणा कसला? रीत घेतली, आशय आपला ठेवला.

चाली कुठून आल्या, हेही ऐकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या कोलंबोला खेळ करायला जात. त्यांचे संगीत सिंहली लोकांना इतके आवडले की तशीच नाटके तिथेही निघाली. जॉन डी सिल्व्हा यांच्या ‘सिरिसंगबो’ या १९०३ सालच्या नाटकाला भारतातून गेलेल्या विश्वनाथ लौजी यांनी चाली दिल्या. त्यातले ‘दन्नो बुदुन्गे’ हे पद नाटकाबाहेर पडून बौद्ध जनतेचे भक्तिगीत झाले. पुढे सिंहली तरुण लखनौच्या संगीत महाविद्यालयात शिकायला येऊ लागले. सुनील शांत, लायोनेल एदिरिसिंह, डब्ल्यू. डी. अमरदेव ही लंकेतली मोठी नावे तिथेच घडली. ते महाविद्यालय १९२६ साली उभे राहिले ते आपल्या मुंबईच्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या खटपटीने. तेव्हा लंकेतल्या संगीताच्या शिक्षणात एका मराठी माणसाच्या पद्धतीचाही वाटा आहे.

तरीपण मोठी उणीव एक होती. ग्रामोफोनच्या काळात बाजारात जी सिंहली गाणी येत, त्यांपैकी पुष्कळ हिंदी गाण्यांच्या चालीवर सिंहली शब्द बसवलेली असत. मुलांच्या तोंडी स्वतःच्या मातीतले, स्वतःच्या भाषेच्या लयीतले गाणे नव्हते. ते देणाऱ्यांमध्ये पहिले मानाचे नाव आहे आनंद समरकोन यांचे.

समरकोन यांचा जन्म १३ जानेवारी १९११ रोजी पादुक्का गावाच्या परिसरात एका ख्रिस्ती घरात झाला. त्यांचे मूळ नाव जॉर्ज विल्फ्रेड. कोट्टे येथील ख्रिस्ती शाळेत ते शिकले आणि पुढे तिथेच चित्रकला व संगीताचे मास्तर झाले. १९३६ साली ते रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात गेले. अभ्यासक्रम पुरा केला नाही, सहाएक महिन्यांत परत आले. पण तिथे जे पाहिले ते मनात घर करून राहिले. झाडाखाली बसून मुले मातृभाषेत, साध्या चालीत, आपल्या ऋतूंची, आपल्या गावाची गाणी म्हणतात, हे त्यांनी पाहिले होते. परतल्यावर त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि आनंद हे नाव घेतले. भगवंतांचे प्रवचन ज्याने कानात साठवून जगाला दिले, त्या आनंदाचे नाव संगीत शिक्षकाने घ्यावे, हे किती समर्पक!

१९३८ ते १९४२ या काळात ते गालेच्या महिंद कॉलेजात संगीत शिकवीत. मुलांना शिकवायचे तर गाणे कसे हवे? शब्द सोपे, ओळ लहान, चाल मुलांच्या गळ्याला पेलणारी. मोठ्यांच्या पट्टीत गायला लावले तर मुलांचा आवाज बसतो, हे आपल्याकडेही प्रत्येक गायन शिक्षकाला ठाऊक असते. समरकोन यांनी शब्दही स्वतः लिहिले आणि चालीही स्वतः बांधल्या. त्यांचे ‘पोसोन पोहोदा’ हे गीत पोसोन पौर्णिमेचे आहे. पोसोन म्हणजे आपली ज्येष्ठ पौर्णिमा. सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र लंकेत धम्म घेऊन गेले, त्याची ही आठवण. १९४० सालचे त्यांचे ‘एन्नद मेणिके’ हे गीत नव्या सिंहली गीताचा आरंभ मानले जाते.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात त्यांनी ‘नमो नमो माता’ हे मायभूमीचे गीत रचले आणि महिंद कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून ते पहिल्यांदा गाऊन घेतले. देश अजून पारतंत्र्यात होता. राष्ट्रगीत लिहायचे म्हणून कुणी हुकूम सोडला नव्हता. शाळेतल्या पोरांना आपल्या देशाचे एखादे गाणे असावे, एवढीच एका मास्तराची इच्छा. पुढे कोलंबोच्या म्युसियस कॉलेजच्या मुलींच्या गायनवृंदाने ते एका जाहीर समारंभात म्हटले, रेडिओवरून ते वरचेवर लागू लागले आणि घराघरांत पोचले.

इकडे गुरुजींच्या घरावर मात्र दुःख कोसळले होते. १९४५ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा वारला. ज्याने दुसऱ्यांच्या लेकरांना गायला शिकवले, त्याचे स्वतःचे लेकरू गेले. ते गाणे सोडून भारतात आले, चित्रे काढू लागले, चित्रांची प्रदर्शने भरवू लागले. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी लंका स्वतंत्र झाली. त्यावेळच्या स्पर्धेत दुसरेच गीत निवडले गेले. पण लोकांच्या तोंडी जे रुळले होते ते ‘नमो नमो माता’च. शेवटी सरकारने समिती नेमली आणि २२ नोव्हेंबर १९५१ रोजी ते राष्ट्रगीत म्हणून मान्य झाले. त्याच वर्षी गुरुजी मायदेशी परतले. मुलांसाठी लिहिलेले गाणे देशाचे झाले! शिक्षकाला याहून मोठे बक्षीस कोणते?

पण कथा इथे संपत नाही. लंकेवर एकामागून एक संकटे आली. १९५७ साली मोठे पूर आले, १९५८ मध्ये दंगली झाल्या, सप्टेंबर १९५९ मध्ये पंतप्रधान एस. डब्ल्यू. आर. डी. भंडारनायके यांची हत्या झाली. आणि काही पंडितांनी शोध लावला की दोष राष्ट्रगीताचा आहे! आपल्याकडे जसे छंदशास्त्रात गण असतात तसे तिथेही आहेत. गीताच्या आरंभीच्या अक्षरांचा गण अशुभ पडतो, म्हणून देशावर अरिष्ट येते, असे त्यांचे म्हणणे. समरकोन यांनी जाहीरपणे विरोध केला. पण फेब्रुवारी १९६१ मध्ये त्यांची संमती न घेता आरंभीचे शब्द बदलून ‘श्रीलंका माता’ असे करण्यात आले.

आपण बौद्ध आहोत, म्हणून इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. जातकांमध्ये नक्षत्राची एक गोष्ट आहे. लग्नाचा दिवस ठरलेला असतो, पण एक आजीवक साधू रागाच्या भरात ‘आज नक्षत्र चांगले नाही’ असे सांगून वराकडच्यांना घरी बसवतो. मुलीकडचे वाट पाहून त्याच मांडवात दुसऱ्याशी लग्न लावून देतात. दुसऱ्या दिवशी नवरदेव हात चोळत बसतो. तारे बघत बसणाऱ्या मूर्खाच्या हातून त्याचे भले निसटून जाते, असे त्या जातकाचे सांगणे. ज्या देशातली मुले दर रविवारी जातककथा शिकतात, त्या देशात मुलांच्या मास्तराने लिहिलेल्या गीताचे पहिले शब्द अशुभ म्हणून खोडले जावेत, यापेक्षा वेगळे दुर्दैव कोणते? शब्द बदलल्याने पूर थांबत नाहीत की दंगली थांबत नाहीत. लंकेचा पुढचा इतिहास त्याला साक्ष आहे.

गुरुजींच्या मनाला हा घाव फार लागला. आपल्या गीताचे शिर उडवले गेले, अशी त्यांची वेदना होती. ५ एप्रिल १९६२ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. दुःखात असलेल्या माणसाला एकटे सोडू नये, हा धडा तर यात आहेच. पण गाणे घेतले, आणि गाणे देणाऱ्याला साधे विचारलेही नाही, ही गोष्ट अधिक बोचते. बदललेल्या शब्दांसह ते गीत आज लंकेत गायले जाते, १९७८ च्या संविधानात ते नोंदवलेले आहे. इतके मोठे गीत, पण ते आधी टागोरांनीच लिहिले होते असेही अधूनमधून म्हटले जाते. शाळेतल्या साध्या मास्तराच्या हातून एवढे मोठे काम होऊ शकते, यावर माणसांचा विश्वासच बसत नाही, दुसरे काय!

हा इतिहास इतक्या सविस्तर सांगण्याचे कारण आता आपल्या घराकडे वळून पाहू. आपली चळवळ तर गाण्यावरच वाढली. १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी नेला. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांना गाण्यातून चळवळ कळली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध-भीमगीतांनी वस्त्या दुमदुमल्या. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखा महाकवी स्वतः मोठेपणी अक्षरे शिकला आणि गावोगाव फिरून हजारो गीते समाजाला देऊन गेला. वामनदादांची गीते आपल्या मुलांना पाठ असतात. पण कुणाची, असे विचारले तर मुले गप्प बसतात, किंवा कॅसेटवर, मोबाईलवर ज्याचा आवाज ऐकला त्या गायकाचे नाव सांगतात.

याचे एक साधे कारण आहे. आपले शाहीर गीताच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. कार्यक्रमात वेळ कमी असतो, म्हणून मुलांना दोनच कडवी बसवली जातात. शेवटचे कडवे गळते आणि त्याबरोबर कवीचे नावही गळते. कुणी मुद्दाम करत नाही, पण नाव जाते ते जातेच. कधी कुणी सोयीसाठी शब्द बदलतो, कधी सिनेमाच्या चालीवर बसवतो. दहा-वीस वर्षांनी मूळ गीत कसे होते, हे सांगणारा उरत नाही. लंकेत जे सरकारी कागदावर झाले, तेच आपल्याकडे नकळत, हळूहळू होत असते.

आणि शिकवणाऱ्यांचे? त्यांचे नाव तर कुठल्याच कडव्यात नसते. गिरणीची पाळी संपवून आलेला कुणी पेटीमास्तर, धुणीभांडी उरकून पोरींना स्वर धरायला शिकवणारी कुणी मावशी, ढोलकीवर थाप कशी द्यायची ते दाखवणारा कुणी दादा, अशा माणसांनी आपल्या वस्त्यांमधली मुले गाती ठेवली. पैसे मिळाले नाहीत, उलट पेटीची भाती फाटली तर पदरमोड केली. त्यांच्याकडे शिकलेली मुले आज कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी परदेशात आहेत. सभेत उभे राहून न घाबरता बोलण्याची हिंमत पुष्कळांना पहिल्यांदा त्या गायनाच्या रांगेतच मिळाली. एकमेकांचा आवाज ऐकून आपला आवाज लावायचा, पुढे पळायचे नाही, मागे राहायचे नाही, हे जे मूल शिकते ते संघात कसे राहायचे हेही शिकते.

म्हणून या वर्धापनदिनाच्या निमित्ताने काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विहारात एक वही ठेवावी. आपल्या विहारात आजवर कुणीकुणी मुलांना गाणी शिकवली, त्यांची नावे आणि वर्षे वडीलधाऱ्यांना विचारून तीत लिहावीत. जी गीते मुले म्हणतात ती कवीच्या नावासह, सगळ्या कडव्यांसह उतरवून ठेवावीत. गाणे सुरू करण्याआधी एका मुलाने ‘हे गीत अमक्यांचे, आम्हाला शिकवले अमक्यांनी’ एवढे मोठ्याने सांगावे. कुणाच्या गीतात बदल करायचा असेल आणि कवी हयात असेल, तर आधी त्याला विचारावे. याला खर्च काही नाही, अर्धा मिनिट लागेल.

महिंद कॉलेजातल्या ज्या मुलांनी १९४० साली पहिल्यांदा ते गीत म्हटले, त्यांना आपण काय म्हणतो आहोत याची कल्पना कुठून असणार? मास्तरांनी शिकवले, त्यांनी म्हटले. आपल्या विहारातल्या एखाद्या कोपऱ्यात आज संध्याकाळी शिकवले जाणारे गाणेही कुठवर जाईल, कुणी सांगावे? ते जाईल तिथे शिकवणाऱ्याचे नावही बरोबर जावे, एवढी काळजी आपण घेऊ या.

जय भीम! नमो बुद्धाय!